वसूच्या नावापुढच्या फण्या

पौष व. ६, शके १८२९. धार.

गोदे, ही वही कधी तरी तुझ्याच हाती पडणार, म्हणून पहिलं तुझंच. तुला धारेत एक आई आहे. विसरली असशील म्हणून खूण सांगते: उजव्या गालावर तीळ, तोंड तिखट. संक्रांत होऊन गेली, देवासाहून ना तिळगूळ, ना दोन ओळी. लहानपणी परकर कुठं वाळत घातला ते विसरायचीस, आता आई कुठं ठेवली ते विसरलीस. तुझा एक मुलगाही इथं मामाकडे असतो. वसू. सतरा वर्षांचा. तोही ओळखीचा वाटतो का बघ.

मी सांगते, सरू लिहिते. सून माझी गुणी आहे, पण नवऱ्याचं नाव लिहायला तिचा हात धजत नाही. मी माझ्या लेकाचं नाव घेतलं की ती 'दा.' लिहून पुढं सरकते. असू दे. कळल्याशी कारण.

वसू हल्ली संध्याकाळी धुळीनं माखून येतो. विहिरींना भोकं पाडायचं यंत्र घेऊन एक अमेरिकन साहेब आलाय. ताडासारखा उंच. दिवसा यंत्र चालवतो, दिवस कलला की शाळेमागच्या मैदानात पोरांना त्याच्या मुलखाचा खेळ शिकवतो. बेसबॉल म्हणे. म्हटलं, उद्या मला ओसरीवर मांडून दाखव.

पौष व. ८.

दाखवला. खडूनं चौकोन काढला, कोपऱ्यावर उभा केलेला. एका कोपऱ्याचं नाव घर. तिथं सोटा घेऊन उभं राहायचं. समोरचा चेंडू फेकतो. मारला की पळायचं. बाकीचे कोपरे म्हणजे बेस. पहिली बेस, दुसरी, तिसरी, नि फिरून घरी. घरी पोचला की एक रन.

मी : म्हणजे जिथनं निघाला तिथंच आला, त्याचा एक?
वसू : हो आजी.
मी : मग मी रोज तळ्यावर जाऊन येते, माझे किती झाले?

तिसऱ्या बेसपर्यंत ऊर फुटेस्तोवर पळाला आणि तेवढ्यात त्याच्याकडचे तिघं औट झाले, तर त्याचं काही नाही. शून्य. पाऊण वाट चाललेल्याला पाव रन दिला तर ह्यांचं काय जातं? वसू म्हणतो, पाव नसतोच.

तिघं औट की डाव पलटतो. दोन्हीकडचे असे नऊ नऊ डाव. तीन नीट चेंडू हुकले की औट. मारलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत झेलला की औट. जमिनीवरनं उचलून पळणाऱ्याच्या आधी पहिल्या बेसवर पोचवला तरी औट. फेकणाऱ्यानं चार चेंडू वाईट टाकले तर मारणारा पहिल्या बेसवर फुकट चालत जातो.

आणि ह्या सगळ्याची एक वही. साहेबाचा जीव त्या वहीत. प्रत्येक पोराच्या नावापुढं चौकटी. कुणाच्या आवाक्यात नव्हता असा चेंडू मारून बेस गाठली तर ती हिट. आवाक्यातला चेंडू कुणी सोडला, नाही तर वेडावाकडा फेकला, तर ज्याची चूक त्याच्या नावापुढं एरर. फेकणाऱ्याचं लक्ष नाही बघून पुढची बेस पळवली, तर ती चोरीची बेस. चोरी, आणि ती मान देऊन वहीत लिहायची! साहेबाचा मुलूख मला आवडायला लागलाय.

आणखी एक आहे, सॅक्रिफाइस. आपण मुद्दाम औट व्हायचं आणि आपल्यातल्या दुसऱ्याला एक बेस पुढं सरकवायचं. त्याचं मरण त्याच्या नावावर धरत नाहीत, वेगळी खूण करतात. सरू लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "बरंय सासूबाई. तिथं लिहून तरी ठेवतात."

मी म्हटलं, हेही लिहून ठेव.

पौष व. ११.

वही कुणाकडे, तर आमच्या दा.कडे. त्याचं इंग्रजी अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्याच्या कचेरीतल्या रावसाहेबांनी साहेबाला त्याचं नाव सुचवलं. रावसाहेब म्हणजे दा.चे वरिष्ठ. त्यांचा मुलगा नानाही खेळतो. पहिल्या बेसवर उभा असतो. गोरागोमटा, जाडसर, पळायचं कमी म्हणून तिथं. वसू दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे. तिथं चेंडू फार येतात.

देवीहून परतताना गाडीवान भेरूला म्हटलं, दमणी मैदानाच्या कडेला लाव. पडदा जरा बाजूला केला, सूप मांडीवर घेतलं, सुपात हळदीच्या नऊ रेघा ओढल्या. वसूच्या बाजूच्या एकेका पोराची एकेक रेघ. बेसला चिंचोका, रनला कवडी, चुकीला काळा खडा. पाचव्या डावापर्यंत मला सगळं दिसायला लागलं. भेरू वळून वळून बघत होता. "माँसाब, ई कई मांड्यो?" म्हटलं, दरबार मांडलाय, तू बैल सांभाळ.

घरी येऊन दा.ची वही नि माझं सूप सरूनं ताडून पाहिलं. एका कवडीचा फरक नाही. दा. हसला. म्हणाला, "आईला दफ्तरी नोकरी द्यायला हवी." खूश होता. मीही होते.

वसूच्या रेघेवर एक खडा. चेंडू त्याच्या दोन पायांतनं गेला. तो त्याचाच, मी नाही म्हणत नाही. वहीतली एररची खूण मी पाहून घेतली. फणी असते ना, तीन दातांची, तशी. जन्मात एवढं एकच अक्षर मी ओळखते, आणि तेही चुकीचं.

माघ शु. ३.

आज डोकं तापलंय. सरूला म्हटलं, भरभर लिही.

पोरांचे दोन भाग करून खेळ होता. सातव्या डावात तिसऱ्या बेसवर एक उभा, दोघं औट. चेंडू जमिनीवरनं सणसणत वसूकडे आला. त्यानं उचलला, उभ्या उभ्या नानाकडे फेकला. छातीवर. नेमका. नानाच्या हातांत पडला आणि बाहेर आला. तिकडे तिसऱ्यावरचा घरी पोचला. रन गेला.

आठव्यात पुन्हा तसंच. पुन्हा छातीवर, पुन्हा नानानं सोडला.

मी नानाच्या रेघेवर दोन खडे ठेवले. भेरूही म्हणाला, "छोरा ने तो बराबर फेंक्यो थो, वणी का हाथ से छूटी ग्यो." भेरूला बैलांपलीकडे काही कळत नाही, त्यालाही एवढं दिसलं.

घरी वही उघडली. नानाची ओळ कोरी, धुतल्यासारखी. फण्या वसूच्या नावापुढं. एक जुनी, दोन नव्या.

दा.ला विचारलं, हे काय? म्हणाला, "फेक जरा उंच होती." मी म्हटलं, छातीला लागला चेंडू, उंच कुठला? म्हणाला, "आई, तू दमणीतनं बघतेस, मी समोरनं." मी म्हटलं, समोर बसून रावसाहेबांचं पागोटं आड आलं असेल.

ताटावरून उठला. उठू दे.

माघ शु. ४.

आज उपास, त्यात बोलायची ताकद जास्तच येते. सूप तसंच्या तसं दा.च्या पुढ्यात ठेवलं.

दा. : सूप पाखडायला असतं, आई.
मी : तेच करतेय. फोल बाजूला काढतेय.
दा. : रावसाहेब माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. मी लिहिलेलं वाचतात. त्यांच्या नजरेसमोर त्यांच्या मुलाच्या नावापुढं...
मी : फणी.
दा. : काय?
मी : काही नाही. पुढं बोल.

दा. उठून उभा राहिला. मग एकदम : "तुला अक्षर येत नाही, आणि वहीत काय असावं ते तू सांगणार?"

सरू म्हणते हे वाक्य गाळूया. गाळायचं नाही. आहे तसं लिही. ऐकताना सोपं होतं का?

वसूला विचारलं, तू का बोलला नाहीस? तो मान खाली घालून चेंडूची शिवण उकलत बसला होता. "मामानं लिहिलं ते लिहिलं, आजी. खेळाचा नियम आहे, लिहिणाऱ्याशी वाद नाही." शहाणपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

माघ शु. ७.

कळलं ते असं. साहेब नऊ पोरं देवासला घेऊन जाणार. तिथल्या पोरांनाही त्यानंच यंत्राच्या कामावर असताना शिकवलं होतं. सामना व्हायचाय. यादी वहीवरनं, ज्याच्या फण्या जास्त तो बाहेर. साहेबाला माणसं ओळखू येत नाहीत म्हणे, आकडे येतात.

वसूनं तर आधीच घरी पत्र टाकलंय, "बाबा, मी नऊत आहे, येतोय, मैदानावर या." गोदे, तुझे यजमान कसे ते तुला सांगायला नको. दिवाळीत पोराला म्हणाले होते, मामाच्या जिवावर उंडारतोस. त्यांना एकदा दाखवायचं होतं त्याला. बाकी काही नव्हतं गं त्याच्या मनात.

माघ शु. ११.

यादी लागली. वसू नाही. त्याच्या जागी दोन फण्यांवाला एक आहे, चांगला पोरगा, त्याचा काय दोष. नाना आहे. नानाच्या नावापुढं एकही फणी नाही, मग काय!

वसू घरी आला, पाय धुतले, जेवला. भात दोनदा घेतला. त्याचं दोनदा भात घेणं मला बघवेना.

दा. उशिरा आला. मी वाढलं नाही. सरूनं वाढलं. मी तिलाही बोलले. तिचा काय दोष? पण आज माझ्याजवळ दोष फार आहेत, वाटल्याशिवाय संपत नाहीत.

माघ शु. १२.

साहेबाकडे गेले.

होय, गेले. लिही सरू, डोळे मोठे करू नकोस. दमणीचा पडदा सोडून आत बसले, भेरूला म्हटलं नालछ्याच्या रस्त्यावर यंत्र चाललंय तिकडे घे. यंत्र धापा टाकत होतं, साहेब तेलानं काळा. हात पुसत आला. मी आतनं बोलत होते, भेरू त्याच्या परीनं हिंदीत सांगत होता. माझं दहा वाक्यांचं त्यानं दोनात केलं, तरी साहेबाला समजलं. सूप पडद्याखालनं पुढं सरकवलं.

साहेब खाली बसला. उकिडवा, आपल्यासारखा. रेघेरेघेवर बोट ठेवत गेला. कवड्या मोजल्या. चिंचोका उचलून पुन्हा तिथंच ठेवला, जरासुद्धा हलवला नाही. नानाच्या रेघेवरच्या दोन खड्यांवर त्याचं बोट थांबलं. मग म्हणाला, "माँजी, आप का सूप ठीक है."

मला वाटलं, झालं.

तर म्हणे, "मगर किताब मैं नहीं बदलता. जो लिखता, वही काट सकता." त्याच्या मुलखात हीच रीत. खेळणारा नाही, शिकवणारा नाही, राजा आला तरी नाही. लिहिणाऱ्याला स्वतःला वाटलं आपलं चुकलं, तर त्यानंच रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं, खाली सही करायची. म्हणजे ते खरं.

मी म्हटलं, आणि त्याला नाही वाटलं तर? भेरूनं विचारलं. साहेबानं दोन्ही हात उघडून दाखवले. काळे.

येताना रस्ताभर मी त्या साहेबाला शिव्या घातल्या. भेरू म्हणाला, "माँसाब, आदमी तो खरो है." तोच तर ताप आहे! खोटा असता तर दुसरा कुणी बघितला असता.

घरी येऊन दा.ला सांगितलं, साहेब असं असं म्हणाला. तो पांढराफटक पडला. "तू साहेबाकडे गेलीस? रावसाहेबांना कळलं तर?" त्याला पहिलं हे सुचलं.

माघ व. २.

नऊ जण, साहेब नि दा. टांग्यांनी इंदूरकडे गेले. तिथं मुक्काम करून देवास. वसू टांग्यापर्यंत पोचवायला गेला होता. सगळ्यांचे सोटे त्यानंच बांधून दिले. नानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं म्हणे, "फिर कभी, भिया." नानाला वाईट वाटलं असावं. पोरगा वाईट नाही. बापानं नि माझ्या लेकानं मिळून त्याला वाईट करायला घेतलाय.

दा. निघताना माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. आशीर्वाद काय, तोंडातनं आपोआप येतो.

माघ व. ७.

आले. धार जिंकली. गावात पेढे. आमच्या घरी नाहीत.

दा. जेवताना खुलला होता. देवासची गंमत सांगत होता. तुमच्या गावाला दोन गाद्या, थोरली पाती नि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती त्यांची. नऊ पोरांत पाच कुणाची नि चार कुणाची ह्यावर म्हणे आठ दिवस बैठका. आणि लिहिणारेही दोन! दोन टेबलं, दोन वह्या. थोरल्या पातीचा लिहिणारा धाकटीच्या पोरांवर फण्या ओढतोय, धाकटीचा थोरलीच्या. शेवटच्या डावात थोरलीचा एक पोरगा घरात पोचला, त्याच्या आधी तिसरा औट झाला की नंतर ह्यावर जुंपली. थोरलीच्या वहीत देवासचे आठ, म्हणजे आमच्याशी बरोबरी. धाकटीच्या वहीत सात. आपलं गाव हरलं तरी चालेल, पण थोरलीच्या पोराला रन द्यायचा नाही! शेवटी साहेब म्हणाला, धारची वही बघा. दा.च्या वहीत सात. दा.चीच खरी धरली.

सांगताना त्याला हसू आवरेना. "काय लोक आहेत, आई! डोळ्यांदेखत घडलेलं, आणि आपला नि परका बघून लिहितात!"

सरू ताक वाढत होती, तिचा हात थांबला. वसू खाली बघत होता. दा.चंही हसू हळूहळू उतरलं. स्वतःच्याच तोंडचं ऐकलं असावं.

मी म्हटलं, "त्यांच्याकडे दोन वह्या होत्या, म्हणून उघडं तरी पडलं. आमच्याकडे एकच."

मग मी विचारलं, गोदी भेटली?

भेटली म्हणे. मैदानाला लागून चिकाच्या पडद्याआड उभी होती, जावईबापू पुढं खुर्चीवर. तिनं विचारलं वसू कुठाय.

मी : काय सांगितलंस?
दा. : म्हटलं, ताप आलाय.

माघ व. ८.

गोदे, वसूला ताप नव्हता. एक दिवस नव्हता. ही वही आता तुझ्याकडे यायलाच हवी. आजवर माझं मी बोलत होते, आता तुला सांगतेय. नीट वाच नि ह्या वेळी विसरू नकोस. तुझ्या मुलाची फेक छातीवर होती. दोन्ही वेळा.

आज दा.ला धरला. कचेरीला निघाला होता, चौकटीत आडवी उभी राहिले. म्हटलं, बहिणीला खोटं सांगताना जीभ कशी वळली? आणि वसूच का? वरिष्ठांचा मुलगा वाचवायचा होता तर चूक वाऱ्यावर घालायचीस, खड्ड्यावर घालायचीस. आपलंच पोर सापडलं?

तेव्हा तो ओरडला. माझ्यावर कधी ओरडत नाही.

"आपलं होतं म्हणूनच! तूच शिकवलंस. शेजारच्या बाळूनं माझी पाटी फोडली, मी रडत आलो, तू आधी मला धपाटा घातलास. लोकांच्या पोराला बोलायचं नाही, आपल्याला हाणायचं, म्हणजे शेजार राहतो. दर वेळी. नाना परका, वसू आपला. आपल्याला घातला धपाटा. वसू समजून घेईल असं वाटलं."

गेला निघून. वहाणा घालायला विसरला, परत आला, घातल्या, गेला.

मी चौकटीतच उभी. पाटी आठवली. लाकडाची चौकट, कोपऱ्यात लाल दोरा. बाळूनंच फोडली होती, मला तेव्हाच ठाऊक होतं. बाळूची आई ओट्यावर उभी होती, म्हणून...

माघ व. ९.

दिवसभर स्वतःवर चिडलेय. दा.वर चिडणं सोपं होतं.

पोरांच्या भांडणात आपल्याला आधी हाणायचं, ह्याला आपण चांगलं वळण म्हणत आलो. मी केलं, माझ्या सासूनं केलं, गोदे तूही करत असशील. शेजारणी म्हणतात, काय न्यायाची बाई आहे. न्याय कसला? परक्यापुढं आपली मान ताठ राहावी म्हणून पोराची पाठ पुढं करायची. आणि ते पोर मोठं झालं की तेही हेच करणार. वहीत.

संध्याकाळी दा. आला. त्याला बसवलं. म्हटलं, पाटी बाळूनं फोडली होती. मला माहीत होतं. मी चुकले. पस्तीस वर्षांचा घोडा, त्याचे डोळे भरले. मलाही ते बघून राग आला. माझाच.

सरूला म्हटलं, ह्या वहीत माझ्या नावापुढं फणी काढ. तिनं कागद पुढं ओढला, नि थांबली. म्हणाली, "सासूबाई, तुमचं नाव मी कसं लिहू?" मग मीच टाक हातात घेतला. नावाची जागा कोरी सोडली. तिच्यापुढं ही काढली :

E

जरा वाकडी आलीय. आहे तशी राहू दे.

दा.ला दाखवली. म्हटलं, माझी झाली. तुझी तू बघ.

फाल्गुन शु. १.

देवासकरांचं पत्र. परतीचा सामना धारेत खेळायचाय, रंगपंचमीच्या आधी. मंडळी धाकट्या पातीच्या सराईत जमून निघतील, जावईबापूही बरोबर येणार असं लिहिलंय. ताप आलेल्या मुलाला बघायला.

साहेब म्हणाला, यादी नव्यानं करीन. वहीवरनं.

रावसाहेबांनी काल दा.ला कचेरीत हटकलं म्हणे. "तुमच्या मातोश्री यंत्र बघायला गेल्या होत्या, असं ऐकतो." बास, एवढंच. दा. मला सांगताना रावसाहेबांसारखा खाकरला. भीती त्याची खरी आहे. ती मी सुपात घेऊन पाखडू शकत नाही. पण वसूचा हातही खरा आहे ना?

वसू रोज मागच्या भिंतीवर चेंडू फेकतो. भिंतीवर कोळशानं छाती काढलीय. एकही वर जात नाही, एकही खाली नाही. पोपडे पडलेत. पडू देत.

फाल्गुन शु. ४.

यादी उद्या. साहेबानं दा.ला वही घरी नेऊ दिली, सगळी बेरीज करून आणायला.

जेवण झाल्यापासून दा. माजघरात वही पुढ्यात घेऊन बसलाय. मी मधे गेले नाही. जायचं नाही असं ठरवलंय, दाताखाली जीभ धरून. सरू पाणी द्यायला गेली होती. आली नि म्हणाली, "माघातलं पान उघडं आहे. दौत उघडी आहे."

"आणि टाक?"

"हातात आहे. कोरडा."

मी म्हटलं, पुढं सांगू नकोस. बोलून बोलून त्याचा हात हलवला, तर ते लिहिणं माझं होईल. साहेबाचा नियम मला पटत नाही, पण समजलाय.

वसूला विचारलं, उद्या नाव नसलं तर? म्हणाला, "तर बाबांना इथंच आणून भिंत दाखवीन." मग हसला. आईवर गेलाय मेला, रडायच्या जागी हसतो.

भेरू बाहेर खोळंबलाय. त्याची इंदूरची खेप आहे, ही वही तिथनं देवासच्या टांग्यावर चढेल. दा.चं काय झालं ते कळायच्या आत ती निघणार, आणि मी तिला थांबवणार नाही. जे झालं ते तुला कळायला हवं, पुढचं होईल ते होईल.

माजघरातनं कागद उलटल्याचा आवाज आला. पुढचं पान की मागचं, काय ठाऊक.

गोदे, मंडळींबरोबर पाठवायचं ते लिहून घे, नाही तर विसरशील. माझ्यासाठी दशम्या, दुधात मळलेल्या, पाण्याचा हात लावू नकोस. वसूला गूळपापडी, डबा भरून. सरूला लिंबाचं गोड लोणचं. दा.ला खसखशीच्या वड्या आवडतात. त्याही कर, पण वेगळ्या फडक्यात बांध. द्यायच्या की नाही ते मी यादी लागल्यावर ठरवीन.